उजव्या हाताची दरड

ग्रेट ओशन रोडवर टॉर्कीहून पश्चिमेकडे निघालात की समुद्र डावीकडे राहतो. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात, म्हणजे कड्याच्या अंगाची लेन आपली आणि स्टिअरिंग उजवीकडे. हिशेब सोपा आहे. समुद्र मिळतो तो डावीकडे बसलेल्यांना. चालवणाऱ्याच्या वाट्याला येतो डांबरी रस्ता, समोरून येणाऱ्या कॅरॅव्हॅन आणि उजव्या हाताला कापलेला डोंगर. प्रवासाच्या व्हिडिओंमध्ये हे कुणी सांगत नाही, कारण ते सगळे शेजारच्या सीटवरून काढलेले असतात.

आमच्या गाडीत चालवणारी मी होते. नवरा पुण्यात गाडी चालवतो, पण परदेशात स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं त्यानं मुंबईच्या विमानतळावरच जाहीर केलं होतं. "तुझा हात घाटात बसलेला आहे," असं म्हणून नकाशा त्यानं स्वतःकडे घेतला. कौतुकाच्या आवरणात काम दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची कला त्याला चांगली अवगत आहे. माझा हात घाटात बसलेला आहे हे मात्र खरं. माहेर रत्नागिरीचं, नोकरी पुण्यात. वरंध, आंबा, ताम्हिणी हे घाट मी पावसात, धुक्यात आणि एसटीच्या मागे मागे इतक्या वेळा उतरले आहे की वळणांची मला भीती वाटत नाही. मागच्या सीटवर डावीकडे, खिडकीला नाक लावून, सासूबाई. वय शहात्तर, गुडघे कुरकुरणारे, नजर शाबूत.

गाडी भाड्यानं घ्यायच्या प्रकाराबद्दल एरवी लोक पानंच्या पानं लिहितात. मी थोडक्यात आटोपते. आपलं लायसन्स इंग्रजीत असल्यानं व्हिक्टोरिया राज्यात पाहुण्यांना ते चालतं. तरी आरटीओतून हजार रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून नेला होता. काउंटरवरच्या मुलानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला रस होता विम्यात. नुकसान झालं तर पहिले काही हजार डॉलर आमच्या खिशातून जाणार, आणि ते जाऊ नयेत म्हणून रोज थोडे डॉलर वेगळे भरायचे. करारात आणखी दोन कलमं होती. कच्च्या रस्त्यावर गाडी नेली तर विमा लागू नाही, आणि अंधार पडल्यावर शहराबाहेर जनावराला धडक बसली तर खर्च आमचा. जनावर म्हणजे कांगारू. पुण्यात गाडी घेताना कुठल्याही कागदावर म्हशीचा उल्लेख नव्हता, म्हणून हे कलम मी दोनदा वाचलं.

गाडी मुद्दाम मेलबर्नच्या मध्यवस्तीतून घेतली नाही. तिथे काही चौकांत उजवीकडे वळायचं असेल तर आधी डावीकडच्या लेनमध्ये जायचं, चौकात पुढे जाऊन थांबायचं आणि सिग्नल बदलला की ट्रामचे रूळ ओलांडून वळायचं, असा हुक टर्न नावाचा प्रकार आहे. तो बसमधून बघायला मजेशीर वाटतो. आम्ही नणंदेच्या घरून, पॉइंट कुकहून निघालो. तिथून गिलाँगकडे जाणारा हमरस्ता अगदी हाताशी आहे. नणंदेला सुट्टी नव्हती. तिनं थालीपिठं, दह्याचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि "आईला उन्हात फिरवू नका" हे तीनदा सांगितलं.

टॉर्कीपर्यंत सांगण्यासारखं फार नाही. सपाट माळरान, मेंढ्या, गिलाँगचा वळसा. टॉर्की हे लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांचं गाव. क्विकसिल्व्हर आणि रिप कर्ल या दोन्ही जगप्रसिद्ध कंपन्या १९६९ साली याच एवढ्याशा गावात निघाल्या, आणि शेजारच्या बेल्स बीचवर १९६२ पासून ईस्टरच्या सुमारास सर्फिंगची स्पर्धा होते. सासूबाईंनी पाण्यात पालथी पडलेली माणसं बराच वेळ न्याहाळली आणि विचारलं, "यांना कुणी कामाला बोलवत नाही का?" त्या दिवशी मंगळवार होता, त्यामुळे प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता.

एअरीज इनलेट मागे पडल्यावर ईस्टर्न व्ह्यू नावाच्या जागी रस्त्यावर एक लाकडी कमान लागते. इथे सगळ्या गाड्या थांबतात, कमानीखाली फोटो निघतात, माणसं पुन्हा गाडीत बसतात. आम्हीही तेच करून निघणार होतो. पण शेजारी ब्राँझचं एक शिल्प आहे, रस्ता खणणाऱ्या सैनिकांचं. सासूबाई त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि हलेनात. "हे लढाईतले की बांधकामावरचे?" त्यांनी विचारलं. दोन्ही, असं तिथल्या फलकावर लिहिलं होतं.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पन्नास लाखही नव्हती. तिथून तीन लाखांहून अधिक माणसं समुद्रापार लढायला गेली आणि त्यातली साठ हजारांच्या आसपास मेली. सक्तीची भरती नव्हती. तसा प्रयत्न झाला, पण १९१६ आणि १९१७ अशा दोन्ही सार्वमतांत लोकांनी तो हाणून पाडला. मेलेल्यांना तुर्कस्तानातल्या गलिपोलीत, फ्रान्समध्ये, बेल्जियममध्ये, जिथे पडले तिथेच पुरलं. घरच्यांना जाऊन बसायला थडगं नाही. म्हणून त्या देशात गावोगावी स्मारकं उभी राहिली. आणि जे जिवंत परतले त्यांच्या हाताला काम नव्हतं.

गिलाँगचे महापौर हॉवर्ड हिचकॉक यांनी या दोन गोष्टी एकत्र आणल्या. परतलेल्या सैनिकांकडून किनाऱ्यानं रस्ता बांधून घ्यायचा, तो मेलेल्या सैनिकांचं स्मारक म्हणून अर्पण करायचा आणि त्यावरून पुढे पर्यटक आणायचे. यासाठी सरकारी खातं नव्हतं, एक ट्रस्ट होता. वर्गणी गोळा केली, हिचकॉक यांनी पदरचे ३,००० पौंड घातले. १९१९ साली काम सुरू झालं आणि १९३२ च्या नोव्हेंबरमध्ये अपोलो बेपर्यंतचा रस्ता खुला झाला. सुमारे ३,००० परतलेले सैनिक त्यावर राबले. तोपर्यंत लॉर्नसारख्या गावांना एक तर बोटीनं जायचं, नाही तर जंगलातल्या खडतर वाटेनं. हिचकॉक मात्र उद्घाटनाच्या काही महिने आधीच वारले. मिरवणुकीत गव्हर्नरांच्या गाडीमागे त्यांची रिकामी गाडी चालवत नेली.

हे सगळं वाचून मी पुन्हा स्टिअरिंगवर बसले आणि त्यानंतर उजवीकडची दरड मला वेगळी दिसायला लागली.

लॉर्न ते अपोलो बे हा पट्टा पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासचा. डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि त्याच्या कमरेला खाच पाडून त्यात रस्ता बसवलेला आहे. दोनच लेन. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला दगड. वाळूच्या दगडाचे आणि मातीच्या दगडाचे थर, आडवे, मध्येच तिरके, पिवळट तपकिरी. आपल्या सह्याद्रीचा काळा फत्तर बघत वाढलेल्या माणसाला हा दगड जरा मवाळ वाटतो. आपल्या बसॉल्टला वय आहे साडेसहा कोटी वर्षांचं. हा त्याहून बराच म्हातारा, दहा कोटींच्या पलीकडचा. तेव्हा ऑस्ट्रेलिया अंटार्क्टिकाला चिकटलेली होती आणि हा भाग ध्रुवाजवळ होता. पुढे केप ऑटवेजवळच्या डायनोसॉर कोव्हमध्ये याच दगडातून टॉम रिच आणि पॅट्रिशिया व्हिकर्स-रिच या दांपत्यानं डायनासोरचे अवशेष खणून काढले. त्यातल्या एकाला त्यांनी आपल्या मुलीचं नाव दिलं, लीएलिनासॉरा. ध्रुवावरच्या लांबलचक रात्रीत जगणारा डायनासोर आणि त्याला घरातल्या पोरीचं नाव! शास्त्रज्ञांच्या घरातही लाड असेच चालतात.

हा दगड माणसांनी हातांनी फोडला. यंत्रं जवळजवळ नव्हतीच. कुदळी, फावडी, ढकलगाड्या आणि सुरुंग. दाट झाडीत रस्त्याची आखणी करणारे महिन्याला तीनेक किलोमीटर पुढे सरकत. खडबडीत वाटेनं डिटोनेटर न्यायचे तर हादऱ्यानं उडू नयेत म्हणून ते मांडीवर धरून बसायचं. मजुरी आठ तासांच्या दिवसाला १० शिलिंग ६ पेन्स, शनिवारी अर्धा दिवस. राहायला तंबू. जेवणाचे पैसे वेगळे. छावणीत पियानो होता, ग्रामोफोन होता, वर्तमानपत्रं येत. पियानो त्या उतारावर कसा चढवला असेल, हा प्रश्न मला वाय रिव्हर येईपर्यंत पुरला. नवऱ्याचं म्हणणं, आधी पियानोसाठी रस्ता केला असेल.

मला वाटतं, ताशी ४० च्या वेगानं वळण घेताना रस्ता जितका कळतो तितका चालत जाऊनही कळत नसेल. वळण कुठे आवळलंय, कुठे सैल सोडलंय, नाल्यावर रस्ता आत का ओढून घेतलाय, पुन्हा बाहेर का काढलाय, हे सगळं स्टिअरिंगमधून तळहातात येतं. जिथे दगड नमला तिथे वळण मोठं. जिथे नमला नाही तिथे रस्त्यानंच वाट वाकडी केली. सूर्यप्रकाशात पाणी कसं हिरवं-निळं चमकत होतं याची वर्णनं मला मागून आणि डावीकडून अखंड ऐकू येत होती. "अगं, बघ तरी!" सासूबाई दर दोन मिनिटांनी. "आई, मी बघितलं तर आपण सगळेच तिथे पोचू," असं मी म्हटल्यावर त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि मग नवऱ्याला बघायला लावू लागल्या.

मागून येणाऱ्या स्थानिक गाड्यांचं एक सांगायला हवं. तिथल्या लोकांना रोज या रस्त्यानं दूध, पोरं आणि कामाचं सामान न्यायचं असतं आणि पर्यटक पुढे रमतगमत चाललेला असतो. म्हणून ठरावीक अंतरावर डावीकडे जरा रुंद जागा ठेवली आहे. संथ गाडीनं तिथे बाजूला व्हायचं आणि मागच्यांना जाऊ द्यायचं. मी बाजूला झाले की जाणारा प्रत्येक जण हात वर करून आभार मानायचा. हॉर्न एकदाही ऐकला नाही. ताम्हिणीत कुणी मला असा हात दाखवला असता तर मी टायर पंक्चर झालाय असं समजले असते.

वाय रिव्हरला डोंगरउतारावर नवी कोरी घरं दिसतात आणि मध्येमध्ये मोकळे चौथरे. २०१५ साली नाताळच्या दिवशी इथे वणवा उतरला आणि वाय रिव्हर व सेपरेशन क्रीक या दोन वस्त्यांतली ११६ घरं जळाली. लोक वेळेत बाहेर पडले होते, माणूस एकही गेला नाही. पण झाडं गेली की मुळं जातात आणि मुळं गेली की डोंगर सुटतो, हे कोकण रेल्वेच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पुढच्याच वर्षी पावसात दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद ठेवावा लागला. तिथून पुढे उजवीकडे ठिकठिकाणी लोखंडी जाळ्या ठोकलेल्या दिसतात. मागची कमानसुद्धा १९८३ च्या वणव्यात जळाल्यावर पुन्हा उभारलेली आहे. स्मारक असलं तरी रस्ताच तो. त्याची डागडुजी कधी संपत नाही.

केनेट रिव्हरला कोआला बघायला थांबलो. झाडाच्या बेचक्यात एक राखाडी गोळा झोपला होता. खाली वीसेक माणसं मान वर करून. दहा मिनिटांनी त्यानं कूस बदलली तेव्हा टाळ्या पडल्या. कोआलाबद्दल माझं मत इथेच थांबतं.

त्यानंतर केप पॅटन. इथली गोष्ट सगळे सांगतात, मीही सांगते. १९२४ साली कसिनो नावाची आगबोट इथे खडकावर चढली आणि हलकी होऊन सुटावी म्हणून खलाशांनी ५०० पिंपं बिअर आणि दारूच्या १२० पेट्या समुद्रात लोटल्या. त्या वाहत वाहत रस्त्यावर काम करणाऱ्या सैनिकांच्या पुढ्यात आल्या. पुढचे दोन आठवडे रस्त्याचं काम बंद होतं. कागदोपत्री या सुट्टीचं कारण काय दाखवलं असेल, हे शोधायची मला फार इच्छा आहे.

मुक्काम अपोलो बेला. संध्याकाळी बंदराजवळच्या दुकानातून तळलेला मासा आणि बटाट्याचे काप आणले. व्हिक्टोरियात या खाण्यात मासा असतो तो बहुतेक वेळा छोटा शार्क. पहिल्याच घासाला मला कळलं की ही आपली मोरी आहे. लहानपणी घरी मोरीचं तिखलं व्हायचं तेव्हा शेजारची ब्राह्मण आळीसुद्धा खिडक्या उघड्या ठेवायची असं माझी आजी सांगायची. मैद्याच्या जाड पापुद्र्यात गुंडाळून, मीठ आणि व्हिनेगर शिंपडून मोरी खायची वेळ येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नसतं. चव वाईट नव्हती. पण मसाला नसलेली मोरी म्हणजे माणूस ओळखीचा, पण बोलायला तयार नाही. सासूबाईंनी थालीपीठ काढलं.

जेवताना त्यांनी अचानक विचारलं, "त्या पोरांना रोजचे दहा शिलिंग म्हणजे बरे होते का गं?" मी म्हटलं, त्या काळी अगदी वाईट नसावेत. मग त्या त्यांच्या माहेरचं बोलायला लागल्या. माहेर सातारा जिल्ह्यातलं. त्या पंचक्रोशीत अपशिंगे नावाचं गाव आहे, ज्याला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं मारली गेली. त्या भागात कितीतरी गावांत संगमरवरी पाटी असते, या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडे. नावं नाहीत. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या, कुतच्या वेढ्यात अडकल्या. सासूबाईंच्या आजोबांचे एक चुलते तिथून परत आले होते. "काय आणलं त्यांनी?" नवऱ्यानं विचारलं. त्याला ही गोष्ट आजवर माहीत नव्हती. "आणणार काय? पेन्शन आणि चांदीचं एक पदक. रुपयापेक्षा जरा मोठं. पुढे कुणाच्या तरी लग्नात ते मोडून पैंजण केले." थोडं थांबून म्हणाल्या, "रस्ता वगैरे काही बांधायला दिला नाही बाई त्यांना. आले ते शेतात गेले." मग त्यांना मोरीचा वास सहन होईना, आणि त्या खोलीत गेल्या.

नवरा आणि मी बराच वेळ बसलो होतो. आपल्याकडेही किनाऱ्याचा रस्ता आहे. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग, अंतुल्यांच्या काळापासून ज्याच्याबद्दल कोकणात बोललं जातं. तुकड्यातुकड्यांनी झालेला, खाड्यांवरच्या पुलांसाठी अडलेला. दाभोळची खाडी अजून कितीदा तरी फेरीबोटीतून ओलांडायची. आरे-वारेच्या वळणावर रत्नागिरीचा समुद्र दिसतो तो या अपोलो बेच्या समुद्रापेक्षा कणभरही कमी नाही, हे मी माहेरच्या अभिमानानं म्हणत नाही. बरं, थोडं म्हणते. पण तिथे थांबल्यावर तो रस्ता कुणी खणला हे सांगणारा साधा दगडही नाही. मुकादम कोण होता, माणसं कुठून आली, सुरुंगात कोण गेलं. विजापूरकडची, तेलंगणातली, आमच्याच वाड्यांतली, कुठली तरी माणसं असणारच. आरे-वारेहून मी लहानपणापासून येते-जाते, पण हा प्रश्न मला पडला तो दक्षिण गोलार्धात.

दुसऱ्या दिवशी रस्ता समुद्र सोडून आत ऑटवेच्या जंगलात शिरतो. सैनिकांनी खणलेला भाग मागे पडला. इथून पुढचे रस्ते वेगळे, वेगळ्या काळातले. उजवीकडची दरड संपली आणि दोन्ही बाजूंनी झाडं आली. माउंटन अ‍ॅश नावाचे निलगिरी, फुलं येणाऱ्या झाडांत जगात सर्वांत उंच वाढणाऱ्यांपैकी. मेट्स रेस्टला लाकडी पायवाटेवरून सासूबाई गुडघ्यांची तक्रार न करता अर्धा तास चालल्या. नेच्यांची झाडं बघून त्यांना आंबोलीची आठवण झाली.

केप ऑटवेचं दीपगृह १८४८ चं. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं, आजही उभं असलेलं सर्वांत जुनं. इंग्लंडहून निघालेली शिडाची जहाजं महिनोन्‌महिने जमीन न बघता यायची आणि मेलबर्नला पोचायला त्यांना इथल्या टोकापासून दक्षिणेच्या किंग आयलंडपर्यंतच्या, सुमारे नव्वद किलोमीटरच्या फटीतून आत शिरावं लागायचं. ढगाळ हवेत आपण नेमके कुठे आहोत हे कळायची सोय नव्हती. १८४५ साली कॅटराकी नावाचं जहाज किंग आयलंडवर आदळलं आणि चारशेच्या आसपास माणसं बुडाली. त्यानंतर दीपगृह झालं. बरीच दीपगृहं अशीच, बुडाल्यानंतर बांधलेली असतात.

ट्वेल्व्ह अपॉसल्स म्हणजे पाण्यात उभे असलेले चुनखडीचे सुळके, ज्यांच्यासाठी बहुतेक लोक हा सगळा प्रवास करतात. तिथे बसमधून उतरलेल्यांची गर्दी, वर हेलिकॉप्टरची घरघर. सासूबाईंनी एक एक करून मोजायला सुरुवात केली. "बारा कुठे आहेत?" बारा कधीच नव्हते. पूर्वी याला डुकरीण आणि तिची पिल्लं म्हणायचे. पर्यटक यावेत म्हणून येशूच्या बारा प्रेषितांचं नाव दिलं. नऊ होते, त्यातला एक २००५ च्या ३ जुलैला कोसळला. समुद्र वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर चुनखडी खातो. पुढच्या लंडन ब्रिज नावाच्या खडकाची किनाऱ्याकडची कमान १९९० च्या जानेवारीत पडली तेव्हा दोन पर्यटक पलीकडच्या सुळक्यावर अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. हे सगळं पाहण्यासारखं आहे, जरूर पाहा. पण इथे रस्ता सपाट माळावरून जातो आणि समुद्र खाली, कड्याआड. गाडीतून काहीच दिसत नाही. ठिकठिकाणी उतरून चालत जायचं. एका अर्थी न्याय झाला. चालवणारी आणि बसणारे एकाच वेळी कठड्यापाशी.

रस्ता संपतो तो अॅलन्सफर्डजवळ, दुभत्या गाईंच्या कुरणांमध्ये, एका साध्याशा तिठ्यावर. २४३ किलोमीटरच्या शेवटी कमान नाही, काही नाही. तिथून वॉर्नांबूल जवळ. तिथल्या फ्लॅगस्टाफ हिलच्या संग्रहालयात जायचा आग्रह माझा, कारण मला मोर बघायचा होता.

लॉक आर्ड हे जहाज १८७८ च्या १ जूनला पहाटे धुक्यातून बाहेर आलं तेव्हा कडा समोर होता. जहाजावर ५४ माणसं. वाचली दोन. टॉम पीअर्स, अठरा वर्षांचा शिकाऊ खलाशी, आणि इव्हा कारमायकल, साधारण त्याच्याच वयाची, आई-वडील आणि भावंडांबरोबर आयर्लंडहून निघालेली. टॉम एका घळीतल्या पुळणीला लागला, त्याला पाण्यातून हाक ऐकू आली आणि तो पुन्हा आत शिरला. तिला बाहेर ओढून आणली, वाहून आलेल्या ब्रँडीचे घोट पाजले आणि मग कडा चढून मदत शोधायला गेला. जहाजावर असलेलं तिच्या घरचं कुणीही उरलं नाही. त्याच जहाजात, पेटीत बांधलेला, मिंटन कंपनीचा चिनी मातीचा एक मोर होता, मेलबर्नच्या १८८० च्या प्रदर्शनासाठी निघालेला. जवळजवळ दीड मीटर उंच. तो सुखरूप किनाऱ्याला लागला. चोचीचा टवका तेवढा उडाला.

काचेआड तो अजूनही ताठ उभा आहे. पैठणीच्या पदरावर शोभेल अशी मान. सासूबाई त्याच्याभोवती फिरून आल्या. मी फलक वाचून दाखवत होते. टॉम आणि इव्हानं लग्न करावं अशी त्या वेळी साऱ्या देशाची इच्छा होती, वर्तमानपत्रांना तर ते ठरल्यासारखंच वाटत होतं. इव्हा काही महिन्यांनी आयर्लंडला परत गेली. पुन्हा जहाजानंच.

"बरं केलं," सासूबाई म्हणाल्या. "पोरानं बुडताना काढलं, उपकार झाले. म्हणून काय गळ्यात माळ घालायची?" आणि शेजारी उभ्या असलेल्या संग्रहालयाच्या बाईंना त्यांनी, शुद्ध मराठीत, इथे चहा कुठे मिळेल ते विचारलं. त्या बाईंनी दाराबाहेर उजवीकडे बोट दाखवलं.